‘साभार परत’ आलं म्हणजे नेमकं काय परत आलं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, मन घट्ट कसं करायचं ते तुम्ही विचारताय. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं, की घोळ मनाचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे.

तुम्ही लिहिलंय, की हिंगण्याच्या एमआयडीसीतली शिफ्टची नोकरी सांभाळून काही वर्षं कथा लिहिताय. एका दिवाळी अंकाला कथा पाठवली, काही उत्तर नाही. दुसऱ्या अंकाने ‘भाषा आमच्या वाचकांना जड जाईल’ म्हणून कळवलं. एका प्रकाशकाने ‘सध्या कथासंग्रह घेत नाही’ म्हणून संग्रह परत केला. आणि नागपुरातल्याच एका मासिक बैठकीत तुम्ही कथा वाचलीत, तेव्हा एक ज्येष्ठ लेखक चारचौघांत म्हणाले, ‘ही कथाच नाही.’ यावर तुमचा प्रश्न: चारही ठिकाणांहून एकच उत्तर आलं, तर आता थांबावं का? थांबायचं नसेल तर हे सगळं लावून न घेता लिहायचं कसं?

मी जिथे अडले ते ‘चारही ठिकाणांहून एकच उत्तर’ या शब्दांपाशी. पहिल्या अंकाच्या गप्प राहण्यातून तुमच्या कथेविषयी काहीही कळत नाही. प्रकाशकाच्या पत्रातून बाजाराविषयी कळतं, कथेविषयी नाही. भाषेच्या शेऱ्यातून थोडं कळतं, पण ते तपासून घ्यावं लागेल. ज्येष्ठांकडून बरंच कळू शकलं असतं, पण त्यांनी ते सांगितलंच नाही. या चौघांची बेरीज करून तुम्ही स्वतःला नापास ठरवलंय. ही बेरीजच आधी मोडून टाकू.

आधी माझ्याविषयी, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी नागपुरात एका छोट्या प्रकाशकासाठी हस्तलिखितं वाचते, त्याआधी बरीच वर्षं एका दिवाळी अंकाच्या संपादनात होते, आणि मधूनमधून स्वतःही कथा लिहिते. म्हणजे ‘साभार परत’ लिहिणं आणि ते घरी येणं, दोन्ही अनुभवलंय. कविता आणि गझल हा माझा प्रांत नाही; तिथले नियम वेगळे आहेत आणि मंचाचा भाग मोठा आहे. आणि तुमची कथा मी वाचलेली नाही. ती चांगली असेल, कच्ची असेल, मला माहीत नाही. तेव्हा खालचं सगळं ‘कथा चांगलीच आहे, जग आंधळं आहे’ असं समजून वाचू नका.

दिवाळी अंकापासून सुरुवात करते, कारण तिथे गैरसमज सगळ्यात जास्त आहे. नवीन लेखकाला वाटतं, संपादकाच्या टेबलावर ढीगभर कथा येतात, तो सगळ्या वाचतो आणि त्यातल्या उत्तम निवडतो. प्रत्यक्षात बहुतेक अंकांची निम्म्याहून जास्त पानं तुमची कथा पोचायच्या आतच बोलून झालेली असतात. नावाजलेल्या लेखकांना मे-जूनमध्येच फोन जातात. एखादा परिसंवाद ठरतो, एखाद्या विषयावरचा विभाग ठरतो, त्याची पानं बाजूला निघतात. उरलेल्यात आलेल्या साहित्यातून निवड होते. आणि ही निवड झाल्यावरही खरं संकट येतं ते जाहिरातींचं. अंक फर्म्याने छापतात, एक फर्मा सोळा पानांचा. ऑगस्टमध्ये धरलेल्या जाहिराती गणपती-नवरात्राच्या दरम्यान गळाल्या, की एक फर्मा कमी करायची वेळ येते. सोळा पानं काढायची तर कोणाची काढणार? ज्यांना आपणच फोन करून लिहायला लावलं त्यांची काढता येत नाहीत. मग नवख्यांच्या एक-दोन कथा जातात, निवडलेल्या, कधी कधी छपाईसाठी अक्षरजुळणी झालेल्यासुद्धा. लेखकाला पत्र जातं: ‘जागेअभावी’. लेखक म्हणतो, ही सभ्य थाप आहे. कधी ती थाप असतेही. पण जागेअभावी या शब्दामागे खरोखरच जागा नसते असं मी पुष्कळदा पाहिलंय.

यात कथेच्या लांबीचाही हात असतो. मासिकाच्या आकाराच्या पानावर चारशे-साडेचारशे शब्द बसतात. तीन हजार शब्दांची कथा म्हणजे सात-आठ पानं, ती कुठेही सरकवता येते. सहा-सात हजारांची कथा घ्यायची तर संपादकाला दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हणावं लागतं, आणि अनोळखी नावासाठी तो ते सहसा करत नाही. तुमची कथा किती शब्दांची होती ते तुम्ही लिहिलेलं नाही. मोजून बघा.

आणखी एक रुक्ष गोष्ट, जी कुणी सांगत नाही. वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो, व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यांनी टाकलेली कथा, श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधली फाइल, जी समोरच्याकडे उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात: घाईच्या दिवसांत असं साहित्य ‘नंतर बघू’मध्ये पडतं आणि ते नंतर कधी येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल पाठवा आणि सोबत त्याचीच पीडीएफ. जुळणी करताना जोडाक्षरं फुटली, रफार भलतीकडे गेला, तर मूळ काय होतं ते पीडीएफ बघून कळतं. फाइलच्या नावात कथेचं नाव आणि तुमचं आडनाव असू द्या. ‘कथा-फायनल-नवीन-२’ नावाच्या फाइली मी इतक्या पाहिल्यात की कुणाची कोणती ते शोधण्यातच दुपार जाते.

उत्तरच येत नाही त्याचं काय करायचं, तर तीन महिने वाट बघायची, एक सभ्य स्मरणपत्र पाठवायचं, पंधरा दिवसांत त्यालाही उत्तर नसेल तर कथा परत आली असं धरायचं आणि दोन ओळींत कळवून टाकायचं: ‘आपल्याकडे अमुक तारखेला पाठवलेली अमुक कथा मी आता अन्यत्र पाठवत आहे.’ त्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडे एकच कथा दोन अंकांत छापून आली तर संपादक ते विसरत नाहीत, आणि मराठीतलं हे जग फार लहान आहे. एक साधी वही करा: कोणती कथा, कुठे, कोणत्या तारखेला, काय उत्तर. तारीख समोर दिसली की ‘कधीपासून वाट बघतोय’ ही भावना बरीच कमी होते; पुष्कळदा आपल्याला वाटतात त्याच्या निम्मेच दिवस झालेले असतात.

पूर्वी हे निराळं होतं, असं तुम्हाला ज्येष्ठ मंडळी सांगतील. ते अंशतः खरं आहे. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ या मासिकाच्या संपादकांची, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची, लेखकांना जाणारी पत्रं प्रसिद्ध आहेत. कथा का घेतली नाही, कुठे ढिली पडली, पुन्हा लिहून पाठवता का, हे ते सविस्तर कळवत. पण त्याच ‘सत्यकथा’च्या अंकांची १९६९ मध्ये तरुण लेखकांनी होळी केली, हेही त्याच इतिहासात आहे. ज्यांना त्या चाळणीतून आपलं लिखाण जाणार नाही असं दिसलं, त्यांनी सायक्लोस्टाइल करून स्वतःची अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारे छोटे अंक, काढली. तेव्हा ‘पूर्वी संपादक न्याय करायचे, आता करत नाहीत’ या सुरात सूर मिसळू नका. फरक इतकाच झालाय, की नकारासोबत जे चार ओळींचं शिक्षण मिळायचं ते आता मिळत नाही. ते आपलं आपण उभं करावं लागतं. कसं, त्यावर मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण टीकेचा खरा उपयोग तिथेच आहे.

एक उदाहरण देते. लेखकाच्या परवानगीने, तपशील बदलून. काटोलकडच्या एका तरुणाची कथा: संत्र्याची बाग असलेले वडील नागपूरला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तपासणीसाठी येतात, उपचारासाठी बाग विकावी लागणार हे तिथल्या बाकावर बसून कळतं. कथा तीन जणांना वाचायला दिली. पहिला म्हणाला, सुरुवात फार लांबली. दुसरी म्हणाली, बाप खरा वाटत नाही. तिसरा म्हणाला, शेवट सिनेमासारखा झालाय. लेखक हवालदिल. तिघांचं ऐकायचं तर सुरुवात कापायची, बापाचा पूर्वेतिहास घालायचा आणि शेवट बदलायचा. म्हणजे दुसरीच कथा लिहायची. मी तिघांना तीच कथा पुन्हा दिली, सोबत पेन्सिल दिली, आणि म्हटलं, मत नको, फक्त जिथे लक्ष उडालं तिथे समासात रेघ मारा. तिघांच्याही रेघा तिसऱ्या पानाच्या एकाच भागात आल्या. तिथे हे होतं:

‘बाबांच्या मनात त्या क्षणी असंख्य विचारांचे काहूर माजले होते. आयुष्यभर ज्या बागेला पोटच्या पोरासारखे जपले ती आज विकावी लागणार, या जाणिवेने त्यांचे अंतःकरण पिळवटून निघाले.’

तिथपर्यंत बाप दिसत होता, त्याच्या चपला दिसत होत्या, हातातली एक्स-रेची पिशवी दिसत होती. इथे तो दिसेनासा झाला आणि लेखक बोलायला लागला. पहिल्या वाचकाला तोवरची सुरुवात वाया गेल्यासारखी वाटली, म्हणून तो म्हणाला सुरुवात लांबली. दुसरीचा बापावरचा विश्वास इथे उडाला. तिसऱ्याला शेवट भडक वाटला कारण इथपासून सूरच वर चढला होता. तिघांची कारणं तीन होती, जागा एकच होती. लेखकाने ती पुन्हा लिहिली:

‘बाबांनी ओपीडीचा कागद चार घड्या करून खिशात घातला. “औंदा मिरगाचा बहार धरला होता,” म्हणाले. मी विचारलं, “किती झाडं?” “आता मोजून काय करतं,” ते म्हणाले, आणि कागद पुन्हा खिशातून काढून उघडला.’

बाकी कथेला त्याने हात लावला नाही. शेवटही तोच ठेवला. तिसऱ्या वाचकाला पुन्हा वाचायला दिली तेव्हा शेवटाबद्दल तो काही बोललाच नाही.

यातून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. वाचक ‘कुठे’ सांगतो तेव्हा त्याचं जवळजवळ नेहमी ऐकायचं. ‘का’ सांगतो तेव्हा कान देऊन ऐकायचं पण लगेच मानायचं नाही. ‘असं करा’ सांगतो तेव्हा आभार मानून चहा पाजायचा. वाचक आजारी जागा बरोबर दाखवतो, औषध मात्र बहुधा स्वतःच्या आवडीचं सुचवतो. तिघा-चौघांच्या रेघा एका ठिकाणी पडल्या तर तिथे काम आहे. चार ठिकाणी विखुरल्या तर ती चार माणसांची चार रुची आहे. कथा तशीच ठेवा आणि पुढच्या ठिकाणी पाठवा.

म्हणून वाचायला देताना ‘कशी वाटली?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला ‘छान’ हे एकच उत्तर आहे, निदान आपल्या नागपुरात तरी. आपण तोंडावर कुणाचं वाईट बोलत नाही. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर गेल्यावर बोलतो. विचारायचं ते हे: मध्येच खाली ठेवावीशी कुठे वाटली? दोन दिवसांनी काय आठवतंय? ही कथा कुणाची आहे असं वाटलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मनात एक आणि वाचकाच्या मनात दुसरं निघालं, तर बसून बोलण्यासारखं काहीतरी हाती लागलं. असे तीन वाचक पुरेत. त्यातला एक तरी न लिहिणारा असावा, केवळ वाचनालयात जाऊन मन लावून वाचणारा. लिहिणारे लोक तुमच्या कथेत स्वतःची कथा शोधतात, मीही त्यातलीच. घरच्यांना या कामाला लावू नका. त्यांना तुमची काळजी असते आणि ते तुमच्या प्रत्येक पात्रात शेजारच्या काकांना ओळखतात.

आता ‘भाषा जड जाईल’ या शेऱ्याकडे. तुम्हाला तो सगळ्यात जास्त लागलाय, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, आणि तुम्ही त्याचा अर्थ ‘त्यांना आमची बोली नको’ असा लावलाय. असेलही. पुण्या-मुंबईच्या काही संपादकांना विदर्भातली बोली म्हणजे विनोदी पात्राचं तोंड, एवढंच ठाऊक असतं, हे मी नाकारणार नाही. पण वऱ्हाडी बोली मराठी कथा-कादंबरीत नवी नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० मध्ये आली, तिच्यातली माणसं वऱ्हाडीच बोलतात, आणि ती महाराष्ट्रभर वाचली गेली. तेव्हा बोली हेच कारण असं गृहीत धरण्याआधी स्वतःच्या कथेत तीन गोष्टी बघा. पात्रं पहिल्या पानावर ‘मले’ म्हणतात आणि तिसऱ्या पानावर ‘मला’ म्हणतात का? असं असेल तर वाचकाला ती बोली वाटत नाही, मुद्रितशोधनाची चूक वाटते. दुसरं, निवेदनही बोलीत आहे की फक्त संवाद? दोन्ही चालतं, पण मधेच बदललं तर निवेदक कोण हेच कळेनासं होतं. तिसरं, एकाच वाक्यात बाहेरच्या वाचकाला अनोळखी असे तीन शब्द आलेत का? एक शब्द संदर्भाने कळतो. तीन आले की वाक्य बंद होतं.

शिवाय ‘आमची बोली’ म्हणताना कोणती, तेही स्वतःशी स्पष्ट असू द्या. नागपूरच्या महाल भागातल्या घरातली मराठी, अमरावतीकडची वऱ्हाडी आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली या एक नाहीत, आणि नागपूरच्या कारखान्यातला माणूस एका वाक्यात हिंदी, एका वाक्यात ‘काय करून राहिला बे’ असं बोलतो. ते तसंच्या तसं कागदावर आलं तर मजा आहे. सगळ्यांना एकसारखं ‘गावाकडचं’ बोलायला लावलं तर संपादकाची तक्रार रास्त आहे, फक्त त्याने ती चुकीच्या शब्दांत मांडली. हे तपासल्यावरही भाषा तुम्हाला चोख वाटली, तर एक अक्षर बदलू नका. कथा विदर्भातल्या नियतकालिकाला पाठवा. सीताबर्डीला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ पासूनची संस्था. त्यांचं ‘युगवाणी’ हे नियतकालिक आहे. तिथल्या संपादकांना ‘मले’ समजावून सांगावं लागणार नाही.

बैठकीतल्या त्या ज्येष्ठांचं काय करायचं? ‘ही कथाच नाही’ या वाक्याचा अर्थ मला किमान तीन तऱ्हांनी लागतो. यात घटना आहेत पण त्यांचा एकमेकींवर परिणाम होत नाही, असा एक. हे ललित लेखन आहे, कथा म्हणू नका, असा दुसरा. आणि तिसरा, मला आज कंटाळा आलाय आणि चारचौघांत काहीतरी वजनदार बोलायचंय. कोणता होता ते त्यांनाच माहीत. राग ओसरल्यावर त्यांना फोन करा आणि एवढंच विचारा: ‘सर, ती कथा कुठपर्यंत कथा वाटत होती?’ वाद घालायचा नाही, समजावून सांगायचं नाही. पहिला किंवा दुसरा अर्थ असेल तर ते जागा सांगतील, आणि ती माहिती सोन्यासारखी आहे. तिसरा असेल तर ‘अहो, ओव्हरऑल’ म्हणून विषय बदलतील. मग तुम्हालाही विषय सोडून देता येईल. त्या बैठकीला जाणं बंद करू नका. पण उतारा वाचायला नेताना निम्मीच कथा वाचा, मध्येच थांबा आणि पुढे काय होईल असं विचारा. कुणाला पुढचं जाणून घ्यायचंय आणि कोण चहाकडे बघतंय, ते चेहऱ्यांवर दिसतं.

एका प्रकारच्या बोलण्याला मात्र टीका समजायचं नाही. आडनाव ऐकून ‘तुमच्याकडे काय, अनुभवच अनुभव’ म्हणणं, बाई आहे म्हणून ‘घरगुती विषय छान हाताळता’ म्हणणं, शिक्षण विचारून मग मत देणं. यात शिकण्यासारखं काही नसतं, तिथून उठून यावं. आणि कधी कधी प्रश्न एका माणसाचा नसून सगळ्या दाराचाच असतो. नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावणे यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि प्रस्थापित नियतकालिकांत ज्यांना जागा नव्हती असे कितीतरी दलित लेखक त्यातून पुढे आले. म्हणजे नकारावर आणखी चांगलं लिहिणं हे एकच उत्तर नसतं. कधी आपलं व्यासपीठ काढावं लागतं. पण ते काढायला आपल्यासारखे आणखी लोक लागतात, आणि एकट्याच्या रागावर ते चालत नाही. तुमच्या बाबतीत ती वेळ आलीय असं मला दिसत नाही.

प्रकाशकाने संग्रह परत केला तो तर निव्वळ बाजाराचा हिशेब आहे. अनोळखी लेखकाचा कथासंग्रह हा विकायला सगळ्यात अवघड प्रकार. एकेकाळी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती सहज निघायची, आता पुष्कळ प्रकाशक तीनशे-पाचशेवर थांबतात, आणि त्या खपायलाही वर्षं लागतात. आधी पाच-सहा कथा नियतकालिकांत येऊ द्या, संग्रह मग. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे; तिची जाहिरात आली की नियम नीट वाचून अर्ज करा.

इथे एक धोका सांगते, कारण दुखावलेला लेखक यात हमखास सापडतो. नकारांच्या पाठोपाठ कधीतरी एक अतिशय गोड पत्र येतं: तुमचं लेखन दर्जेदार आहे, आम्ही प्रकाशित करू इच्छितो. खाली बारीक अक्षरांत खर्चाचा आकडा असतो, किंवा शंभर-दोनशे प्रती तुम्ही विकत घ्यायची अट. पैसे देऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही. पुष्कळांनी उघड्या डोळ्यांनी काढलंय. पण ते कौतुक समजून काढू नका. किती प्रती छापणार, कोणत्या दुकानांत ठेवणार, हक्क कुणाकडे राहणार, हे लेखी मागा. आयएसबीएनसाठी वेगळे पैसे लावले असतील तर सावध व्हा, कारण आपल्या देशात तो क्रमांक सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो. आणि परत आलेल्या कथेच्या आठवड्यात असल्या कोणत्याही कागदावर सही करू नका.

राहिला ‘लावून न घेता कसं लिहायचं’ हा प्रश्न. लागणारच. ‘लावून घेऊ नका’ हा सल्ला देणाऱ्यांनी बहुधा काही पाठवलेलं नसतं. आपण कुठपर्यंत लागू द्यायचं एवढंच आपल्या हातात आहे. मी हे पाळते: नकार आला त्या दिवशी उत्तर लिहायचं नाही, कथा उघडायची नाही, आणि संपादकाविषयी कुठेही काही टाकायचं नाही. फेसबुकवरची रात्री साडेअकराची पोस्ट सकाळी काढून टाकली तरी ज्याला दिसायची त्याला दिसलेली असते. दुसरं, एक कथा बाहेर गेली की दुसरी सुरू झालेली असली पाहिजे. यामागे काही अध्यात्म नाही. एकच कथा असली की तिच्या पाकिटात सगळा जीव जातो. दोन असल्या की परत आलेल्या कथेकडे बघायला जरा अंतर मिळतं. शिफ्टच्या नोकरीत हे अवघड आहे, मला कल्पना आहे. रोज लिहा असं मी म्हणणार नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात लिहूच नका, वाचा.

थांबावं का? त्याचं उत्तर चार पत्रांवरून देता येत नाही, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा. मी पाहिलेली माणसं दोन प्रकारे थांबतात. काहींना आपल्याच जुन्या कथा परत वाचायचा कंटाळा येतो, सुधारायला घ्यावंसं वाटत नाही, लिहिण्यापेक्षा लेखक म्हणवून घेण्यात रस असतो. त्यांनी थांबलं तर त्यांचंही बरं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगला वाचक होणं ही काही कमी गोष्ट नाही. दुसरे चिडून थांबतात आणि आठ महिन्यांनी गुपचूप पुन्हा वही काढतात. तुम्ही प्रश्नात कथेतल्या बसस्टॉपवरच्या बाईबद्दल, कुणी विचारलेलं नसताना, चार ओळी लिहिल्यात. त्यावरून मला तुम्ही दुसऱ्यातले वाटता.

तेव्हा आता करायचं ते असं. ‘भाषा जड’ म्हटलेली कथा काढा, पात्रांची बोली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकदा मोठ्याने वाचून तपासा. पेन्सिल देऊन तीन जणांना वाचायला द्या. उत्तर न आलेली कथा दोन ओळींचं पत्र पाठवून मोकळी करा. पुढच्या दिवाळी अंकासाठी पाठवायचं असेल तर एप्रिल-मेमध्येच पाठवा, जूनअखेर उशीर होतो. आणि दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने रिकामे सोडू नका. अंक बाजारात गेल्यावर संपादक मोकळे झालेले असतात, नियमित मासिकांना आणि वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांना तेव्हा मजकूर हवा असतो, आणि त्या काळात आलेली कथा शेवटपर्यंत वाचली जाण्याची शक्यता जास्त असते. पुरवणीला पाठवताना शब्दमर्यादा आधी विचारून घ्या. तिथे हजारभर शब्दांच्या वर सहसा जागा नसते, त्यामुळे बसस्टॉपवरच्या बाईची कथा त्याहून मोठी असेल तर ती तिकडे नको, मासिकासाठीच ठेवा.